गाडीचं इंजिन ऑइल : पातळी कशी बघायची आणि रंगावरून काय ओळखायचं



सकाळी सोलापुरातून मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूर, मंद्रूपकडे निघणाऱ्या मोटारसायकलींत शाळेला चाललेले शिक्षक कितीतरी असतात. कुणाचं एका बाजूचं अंतर पंधरा किलोमीटर, तर कुणाचं चाळीस. पेट्रोल संपत आलं की गाडी काट्यावर दाखवते. हवा कमी झाली की चाक लगेच कळवतं. ब्रेक घासला की आवाज येतो. पण इंजिनमधलं ऑइल कमी झालं, तर १०० ते १२५ सीसीच्या बहुतेक साध्या गाड्या काहीच सांगत नाहीत. त्यांना ऑइलचा काटा नसतो आणि बऱ्याच गाड्यांना ऑइलचा लाल दिवाही नसतो. गाडी बोलते ती शेवटी, आणि तोवर इंजिनचं काम निघालेलं असतं.

म्हणून ही तपासणी आपणच करायची असते. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याला गॅरेजला जावं लागत नाही. मात्र ते ठरलेल्या पद्धतीनेच करावं लागतं, कारण चुकीच्या पद्धतीने बघितलेली पातळी न बघितल्यापेक्षा जास्त फसवते. आज हीच पद्धत, त्यामागची कारणं आणि हा विषय वर्गात कसा घेता येईल, ते पाहू.

इंजिनात ऑइल काय काम करतं?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात, यंत्रमागाला तेल देतात, हे आपल्याकडच्या मुलांना माहीत असतं. इंजिनातल्या ऑइलचं पहिलं काम तेच. धातूवर धातू घासू नये म्हणून मध्ये पातळ थर धरून ठेवायचा.

हे घासणं किती असतं, त्याचा हिशोब करून बघा. हिरोच्या ९७.२ सीसी स्प्लेंडरच्या इंजिनात पिस्टन एका दिशेने ४९.५ मिलिमीटर सरकतो. इंजिनच्या एका फेऱ्यात तो एकदा वर आणि एकदा खाली जातो, म्हणजे ९९ मिलिमीटर. समजा इंजिन मिनिटाला ५००० फेरे घेत आहे. तासाला झाले ३ लाख फेरे. ३ लाख गुणिले ९९ मिलिमीटर म्हणजे जवळपास ३० किलोमीटर! आपण तासभर गाडी चालवतो तेव्हा तो पिस्टन त्या एवढ्याशा नळीत ३० किलोमीटर घासत गेलेला असतो. मधला ऑइलचा थर गेला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

वंगणाशिवाय ऑइल आणखी चार कामं करतं. ते पिस्टन आणि सिलिंडरची उष्णता उचलून बाहेरच्या कवचाकडे आणतं. जळण्यातून तयार झालेली काजळी आणि धातूचा बारीक चुरा स्वतःत धरून ठेवतं. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यातली बारीक फट बंद करून दाब टिकवतं. आतल्या भागांना गंज चढू देत नाही.

मोटारसायकलमध्ये अजून एक गोष्ट असते. कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरचं वेगळं असतं. आपल्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच प्लेटा अशा तिघांनाही एकच ऑइल पुरतं. आणि ते असतं किती? १०० सीसीच्या गाडीत साधारण एक लिटरच्या आसपास. कारमध्ये तीन-चार लिटर असतं, तिथे पाव लिटर कमी झालं तरी निभावतं. आपल्या गाडीत पाव लिटर कमी म्हणजे एक चतुर्थांश ऑइल गेलं.

सोलापूरकरांनी जास्त लक्ष का द्यावं?

एक तर ऊन. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो. शाळा सकाळची असली, तरी परतीचा प्रवास भर दुपारचा असतो. या गाड्यांचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं आणि वाराच गरम असेल तर ऑइलवरचा भार वाढतो. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे दहाच्या वेगाने गाडी रेटावी लागते, तेव्हा तर इंजिनला वाराही मिळत नाही. दुसरी गोष्ट धूळ. एअर फिल्टर जुना झाला की बारीक माती आत जाते आणि ऑइलमध्ये मिसळून रिंगा घासते.

तिसरी गोष्ट म्हणजे आपली सवय. अनेकजण सर्व्हिसिंग दिवाळीच्या सुट्टीत एकदा आणि मेच्या सुट्टीत एकदा करतात. आता गणित मांडा. एका बाजूला ४० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ८०. महिन्याचे २४ दिवस धरले तर १,९२० किलोमीटर. सहा महिन्यांत ११,५२०! ऑइल बदलायचं अंतर गाडीप्रमाणे बदलतं. कुणाला ३,०००, कुणाला ६,०००, तर काही गाड्यांना त्याहून जास्त दिलेलं असतं. आपल्या गाडीचा आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात आहे, तोच खरा मानायचा. पण रोज ८० किलोमीटर चालणाऱ्याने कॅलेंडर न बघता किलोमीटर बघायला हवेत, एवढं नक्की.

शिवाय ऑइल नुसतं जुनं होत नाही, थोडं थोडं जळतही असतं. समजा एखादी जुनी गाडी १,००० किलोमीटरला १०० मिलिलिटर ऑइल खाते. तीन महिन्यांत ती ५,७६० किलोमीटर चालली, म्हणजे ५७६ मिलिलिटर गेलं. एक लिटरपैकी अर्ध्याहून जास्त ऑइल उडालं, आणि बाहेरून गाडी तशीच दिसते.

पातळी बघायची पद्धत

इंजिनच्या बाजूला, खालच्या भागात एक फिरकीचं झाकण असतं. त्याला आतून छोटी पट्टी किंवा कांडी जोडलेली असते. तिला डिपस्टिक म्हणतात. गॅरेजमध्ये 'गेज' असंही म्हणतात. तिच्यावर दोन खुणा असतात. वरची खूण म्हणजे जास्तीत जास्त, खालची म्हणजे कमीत कमी. काही गाड्यांना डिपस्टिकऐवजी इंजिनच्या बाजूला काचेची गोल खिडकी असते आणि तिच्याशेजारी खुणा असतात.

१. गाडी सपाट जागेवर मेन स्टँडला लावा. मेन स्टँड नसेल तर दुसऱ्या मोठ्या माणसाला गाडी सरळ उभी धरायला सांगा. साइड स्टँडवर बघू नका.

२. इंजिन तीन ते पाच मिनिटं चालू ठेवा. रेस करू नका. हे बंद खोलीत करू नका, धूर घातक असतो.

३. इंजिन बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा.

४. झाकणाभोवतीची धूळ फडक्याने पुसून घ्या, मगच झाकण उघडा.

५. डिपस्टिक बाहेर काढून स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या फडक्याने कोरडी करा.

६. ती परत आत घाला. बऱ्याच गाड्यांत झाकण न फिरवता नुसतं टेकवायचं असतं, काहींत पूर्ण फिरवून बसवायचं असतं. आपल्या गाडीचं काय, ते पुस्तकात बघा.

७. परत बाहेर काढून ऑइल कुठवर लागलं आहे ते बघा. दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असेल तर ठीक.

८. झाकण आटे नीट बसवून घट्ट करा. त्याची रबरी रिंग जागेवर आहे ना, ते पाहा.

काचेची खिडकी असेल तर पहिल्या तीन पायऱ्या तशाच करायच्या आणि डोळे खिडकीच्या समोर, त्याच उंचीवर आणून वाचायचं.

या पायऱ्या कशासाठी?

'एवढं कशाला, झाकण उघडून बघितलं की झालं' असं पुष्कळांना वाटतं. पण प्रत्येक पायरीमागे कारण आहे.

साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते. अनेक गाड्यांत डिपस्टिक उजव्या बाजूला असते. ऑइल उताराकडे, म्हणजे डावीकडे जातं आणि उजवीकडची पट्टी 'कमी' दाखवते. मग माणूस घाबरून ऑइल ओततो आणि ते जास्त होतं. जास्त ऑइलही वाईटच. आत फिरणारे भाग त्याला घुसळून फेस करतात, फेसाळलेलं ऑइल नीट वंगण देत नाही. वाढलेल्या दाबाने ते सीलमधून झिरपतं किंवा एअर फिल्टरकडे ढकललं जातं.

इंजिन बंद केल्या केल्या बघितलं, तर बरंचसं ऑइल अजून वरच्या भागात असतं आणि पातळी कमी दिसते. म्हणून थांबायचं. पट्टी न पुसता बघितली, तर हलताना उडालेलं ऑइल वरपर्यंत लागलेलं असतं आणि पातळी जास्त दिसते.

फिरवायचं की टेकवायचं, हाही खेळ नाही. टेकवून वाचायची पट्टी फिरवून बसवली तर ती आट्यांच्या उंचीएवढी जास्त खोल जाते. मग ऑइल कमी असूनही भरपूर आहे असं वाटतं. सगळ्यात धोकादायक चूक हीच, कारण ती आपल्याला निश्चिंत करते.

पातळी कमी निघाली तर

खालच्या खुणेच्या खाली असेल तर गाडी तशीच शाळेला नेऊ नका. त्याच प्रतीचं ऑइल थोडं थोडं, ५० ते १०० मिलिलिटर घाला. मिनिटभर थांबून परत मोजा. वरच्या खुणेच्या पुढे जाऊ देऊ नका.

मग विचारा, ऑइल गेलं कुठे? वाटा दोनच. एक गळती. रात्री गाडी जिथे लावता तिथे जुना पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग दिसेल. ड्रेन बोल्ट, त्याचा वायसर आणि इंजिनच्या जोडांवर ओल आहे का ते बघा. दुसरी वाट जळण्याची. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा वाल्व्हचे सील झिजले असण्याची शक्यता असते. ते काम मेकॅनिकचं.

दुर्लक्ष केलं तर इंजिन जाम होतं, म्हणजे पिस्टन सिलिंडरला धरतो. त्यात नुसता खर्च नाही. चालत्या गाडीत इंजिन अचानक धरलं तर मागचं चाक अडकून गाडी घसरू शकते. मागे आपलं मूल किंवा सोबतचे सर-मॅडम बसलेले असतात. गाडी ओढेनाशी झाली, इंजिनचा आवाज खरखरीत झाला, करपल्यासारखा वास आला, तर क्लच दाबून हळूच कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. 'पुढच्या गावापर्यंत जाऊ' म्हणू नका.

रंग, वास आणि स्पर्श

आता ऑइलची अवस्था. नवं ऑइल बहुधा मधासारखं सोनेरी दिसतं. वापराने ते तपकिरी आणि मग काळं होतं. इथे एक मोठा गैरसमज आहे. काळं झालं म्हणजे खराब झालं, असं नेहमी नसतं. काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे काळेपणा हा बऱ्याचदा ते काम चालू असल्याचा पुरावा असतो. उलट, रंग बरा दिसतो म्हणून किलोमीटर उलटून गेले तरी ऑइल बदलायचं नाही, हेही चूकच. बदलायचं कधी ते मुख्यतः किलोमीटर ठरवतात. रंग फक्त काही वेगळं घडलंय का, एवढं सांगतो. अशा वेगळ्या खुणा या:

• दुधाळ, चहासारखं किंवा ताकासारखं ऑइल : आत पाणी गेलं आहे. रोज एक-दोन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतल्या वाफेचं पाणी साठतं, त्यानेही झाकणाखाली थोडी साय दिसते. पण सगळंच ऑइल दुधाळ असेल तर गाडी चालवू नये. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात कूलंट आत झिरपत असण्याचीही शंका घ्यावी.

• पेट्रोलचा वास आणि ऑइल पातळ : पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. अशा वेळी पातळी कमी न होता वाढलेली दिसते. ऑइल कुणी घातलं नाही आणि तरी वाढलं, तर खूश होऊ नका, मेकॅनिकला दाखवा.

• उन्हात धरल्यावर चमचमणारे कण : धातूची झीज. अगदी नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलमध्ये थोडी बारीक चमक असू शकते. जुन्या गाडीत ती दिसणं चांगलं नाही.

• बोटांना खरखर लागणं : माती किंवा कचरा आत गेला आहे. एअर फिल्टर तपासा.

• डांबरासारखं घट्ट, करपट वासाचं ऑइल : फार दिवस वापरलं गेलं आहे किंवा फार तापलं आहे. लगेच बदला.

बोटावर घेऊन बघायचं असेल तर ऑइल थंड झाल्यावर, एकच थेंब घ्या आणि नंतर हात साबणाने धुवा. वापरलेलं ऑइल वारंवार कातडीला लागणं आरोग्याला चांगलं नाही.

डब्यावरची अक्षरं वाचायला शिकू

डब्यावर '१० डब्ल्यू ३०' किंवा '२० डब्ल्यू ४०' असं लिहिलेलं असतं. हे प्रमाण किंवा टक्के नाहीत. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा ऑइल थंडीत किती दाट राहतं ते दाखवतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. 'सोलापूरचं ऊन आहे, जाड ऑइल घाला' असा सल्ला मिळतो. पण इंजिनातल्या फटी आणि पंप ठरावीक दाटपणासाठी बनवलेले असतात. पुस्तकात जे लिहिलंय तेच घालावं.

दुसरं बघायचं ते 'जासो एमए' किंवा 'एमए २'. ही जपानी प्रमाणपद्धत आहे. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, त्यामुळे ऑइल फार निसरडं असून चालत नाही, क्लच घसरतो. एमए प्रकार अशा ओल्या क्लचसाठी असतो. गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी बहुधा 'एमबी' प्रकार असतो. म्हणून घरात स्कूटरचं किंवा कारचं उरलेलं ऑइल आहे म्हणून ते मोटारसायकलमध्ये ओतू नका. सुटं ऑइलही घेऊ नका. सीलबंद डबा समोर फोडून घ्या.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर

ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेचा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचा पूर आपल्या जिल्ह्याने पाहिला. पाण्यात बुडालेली गाडी बाहेर काढली की पहिला हात किकला किंवा सेल्फच्या बटणाला जातो. नेमकं तेच करायचं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि आतले भाग वाकू शकतात. आधी डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ असेल किंवा पातळी वाढलेली असेल तर गाडी ढकलत किंवा टेम्पोत घालून गॅरेजला न्या. ऑइल काढून टाकणं, आतून साफ करणं, एअर फिल्टर बदलणं हे सगळं झाल्यावरच ती चालू करायची.

काढलेलं ऑइल कुठे जातं?

घरी ऑइल बदलणाऱ्यांनी काळं ऑइल गटारात, नाल्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नये. ते पाण्यावर पातळ थराने पसरतं आणि पाण्यात हवा मिसळू देत नाही. वापरलेलं ऑइल २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतं. रिकाम्या डब्यात भरून, झाकण लावून, ते जमा करणाऱ्या गॅरेजला द्यावं.

वर्गात कसं घ्याल?

खरं इंजिन किंवा काळं ऑइल मुलांच्या हातात न देताही हा पाठ छान होतो.

१. पारदर्शक बाटली अर्धी पाण्याने भरा, पाण्याच्या रेषेवर बाहेरून पेनाने खूण करा. बाटली तिरकी केली की एका बाजूला पाणी खुणेच्या वर, दुसऱ्या बाजूला खाली. पाणी तेवढंच, वाचन बदललं. साइड स्टँडचं कोडं इथे सुटतं.

२. ताटलीच्या एका कडेला पाणी, शेंगदाण्याचं तेल आणि मध यांचा एकेक थेंब ठेवून ताटली तिरकी करा. कोण आधी खाली पोचतं? दाटपणा म्हणजे काय ते शब्दांशिवाय कळतं.

३. छोट्या बाटलीत गोडेतेल आणि पाणी घालून जोरात हलवा. दुधाळ रंग येतो. ऑइलमध्ये पाणी गेल्यावर काय दिसतं ते मुलांना आठवणीत राहतं.

४. आठवी-नववीला वृत्तचितीचं घनफळ शिकवताना ५० मिलिमीटर व्यास आणि ४९.५ मिलिमीटर उंची द्या. उत्तर ९७ घन सेंटिमीटरच्या थोडं वर येईल. हेच ते '९७.२ सीसी'.

पालकांनी रविवारी पातळी बघताना मुलांना शेजारी उभं करावं, सायलेन्सरपासून लांब. एका जुन्या वहीत तीन रकाने आखा : तारीख, किलोमीटर, पातळी. पातळीच्या रकान्यात 'वर', 'मध्ये', 'खाली' एवढं लिहिलं तरी पुरे. लिहायचं काम मुलांकडे द्या. एका आठवड्याचं वाचन फारसं काही सांगत नाही. पण सलग आठ रविवारांची नोंद समोर असली, की गाडी ऑइल खाते का, कधीपासून खाते आणि पुढची बदली कधी येणार, हे घरातलं मूलही सांगू शकेल.

उद्या रविवार असो वा नसो, पहिली नोंद उद्या सकाळी करा. फडकं घ्या, गाडी मेन स्टँडला लावा आणि गाडीचं पुस्तक कपाटातून बाहेर काढा.